खालच्या कप्प्यातला धोक्याचा बोर्ड

श्रावणातला मंगळवार होता. बिडाच्या तव्यावर पहिला घावणा नेहमीप्रमाणे चिकटला होता, हे चष्मा शोधत होते आणि चष्मा त्यांच्या कपाळावर होता. इतक्यात मागच्या दारावर ठक ठक झाली.

आमच्या वाडीत दार कोणी वाजवत नाही. माणूस खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात येतो, चपला काढता काढता हाक मारतो आणि आपण ओ देईपर्यंत माजघरात पोचलेला असतो. म्हणून दार वाजल्यावर आम्ही दोघंही दचकलो. ह्यांना वाटलं बँकेचा माणूस. मला वाटलं माकड.

उघडलं तर शेजारचे गुरुदास भाऊजी. दोन्ही हातांनी छातीशी धरलेला थर्माकोलचा खोका, त्यामुळे दार कोपराने वाजवलेलं. चतुर्थीला गणपती घरी आणताना माणूस जसा एकेक पाऊल जपून टाकतो, तसे ते पायरीवर उभे होते.

"वैनीनू," ते म्हणाले, "फ्रीजरात वाईच जागा आसा?"

"काय आसा त्यात?"

"खाद्य."

"कोणाचा?"

"माशांचा."

माशांचं नाव ऐकून हे आतून ओरडले, "श्रावणात मासे हाडू नको रे, गुरुदासा."

"मासे नाय ओ. माशांचा जेवण," भाऊजी म्हणाले आणि खोका आणखी घट्ट धरला.

गुरुदास धुरी कोण, हे मसुऱ्यापासून बंदरापर्यंत कोणालाही विचारा. चौतीस वर्षं ते विजेच्या खात्यात लाईनमन होते. पावसाळ्यात आमची लाईट गेली की अख्खी वाडी त्यांच्या अंगणात. भाऊजी शांतपणे पेज जेवत असायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "येतली. दम धर." ह्यापलीकडे एक अक्षर नाही. किती वाजता, आज की उद्या, हे विचारणाऱ्याकडे ते असे बघत की विचारणाऱ्यालाच आपण अंधाराला फार घाबरतो असं वाटावं. त्यांच्या दम धरण्याने आमच्या पिढीची किती दहीकालवणं नासली असतील, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. ऑफिसातल्या लोकांनी शाल-नारळासोबत एक काचेची टाकी दिली, दोन फुटांची, आणि तिच्यात चार एंजल मासे. कोणाच्या डोक्यातली कल्पना ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणीच कबूल होत नाही.

आता आमच्याकडे मासा दारात टोपलीतून येतो. त्याचा डोळा बघायचा, कल्ला उघडायचा, घासाघीस करायची आणि विळीवर घ्यायचा. काचेत ठेवून त्याला जेवू घालायचं, ही गोष्ट वाडीला नवीन होती. लोक बघायला आले. एंजल मासा दिसायला पापलेटाच्या धाकट्या पोरासारखा, फक्त वर-खाली पताका लावलेल्या. त्यामुळे प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, की हे मोठे व्हायला किती दिवस लागतील. बंदरावरचे महंमदभाई, ज्यांचा जन्म मासळीच्या धंद्यात गेला, ते टाकीसमोर बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "गुरुदास, ह्यांच्यात काटेच जास्ती निघतले."

पहिले काही महिने डबीतलं कोरडं खाद्य चाललं. मग भाऊजींच्या हातात फोन आला आणि फोनवर कोणीतरी सांगितलं, की गोड्या पाण्यातल्या माशांना खरी चव लागते ती गोठवलेल्या खाद्याची. त्यात पहिला मान ब्लडवर्मचा, म्हणजे बारीक तांबड्या अळ्यांचा. त्या दाबून, गोठवून त्यांचे चौकोनी तुकडे करतात. असे तुकडे कोल्हापूरला मिळतात. फोंडाघाट उतरून येणाऱ्या गाडीत कोणाच्या तरी ओळखीने खोका बसवायचा, भाऊजींनी स्कूटर घेऊन कणकवलीच्या स्टँडवर दोन तास आधी जाऊन उभं राहायचं. नातीच्या वराकडची माणसं येणार असती तर ते एवढे आधी गेले नसते.

पहिला खोका आला त्या संध्याकाळी लाईट गेली. वारा नाही, पाऊस नाही, नुसती गेली. भाऊजींनी आपल्याच जुन्या ऑफिसात फोन लावला. पलीकडून नवीन लाईनमन म्हणाला, "येतली. दम धरा." सकाळी लाईट आली तेव्हा फ्रीजरात तांबडं पाणी झालं होतं. ते पुन्हा गोठवून वापरता येत नाही, वितळलेलं खाद्य माशांना बाधतं. भाऊजींनी तो खोका माडाखाली पुरला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. वाडीला इतकं समाधान कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

त्यांची एक खोड मला फार आवडते. एरवी ते आमच्यासारखेच मालवणी बोलतात, पण माशांचा विषय निघाला की तोंडात एकदम ऑफिस येतं. त्या मंगळवारीही पायरीवर उभं राहून त्यांनी मला सुनावलं, "सदर खाद्य एकदा वितळल्यानंतर पुन्हा गोठविण्यात येऊ नये. तसेच खाद्य थेट टाकीत न टाकता वाटीतील पाण्यात वितळवून, गाळणीत धुऊन, मगच देण्यात यावे."

"माका कित्याक सांगतास?" मी म्हटलं. "मी खंय खातंय?"

पण त्यांचं घर सोडून खोका आमच्याकडे का? तर सावित्री. सावित्री म्हणजे भाऊजींची बायको. श्रावण लागल्याबरोबर तिने जाहीर केलं होतं, "ह्या फ्रीजात एकतर ते किडे ऱ्हवतीत, नायतर माझो नैवेद्य."

मी सावित्रीच्या फ्रीजरला चांगली ओळखते. अकरा महिने तो उघडला की बांगडा आधी भेटतो, सावित्री नंतर. श्रावणात ती तो सोड्याने धुते, आत तुळशीचं पान ठेवते आणि मासळीचं नाव काढू देत नाही. सुक्या सोड्यांची, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीची बरणी मात्र फडक्यात गुंडाळून मागे असतेच. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ती सुकी आसा गो. ती मोजूची नाय." अशा पवित्र जागी अळ्यांनी कसं राहावं?

भाऊजी आधी महंमदभाईंकडे गेले होते. बर्फाचा एवढा मोठा साठा दुसऱ्या कोणाकडे? महंमदभाई म्हणाले, "माझ्या बर्फात मासे ऱ्हवतत. माशांची खानावळ नाय." मग राहिलो आम्ही. आमच्या मागच्या पडवीत आंब्याच्या रसासाठी ठेवलेला जुना फ्रीज आहे, त्याचा फ्रीजर खालच्या कप्प्यात आहे, त्याला इन्व्हर्टरची जोड आहे, हे भाऊजींना ठाऊक होतं. ती जोड त्यांनीच दिली होती.

"नाय म्हणालंय तर?" मी उगाच विचारलं.

त्यांनी खोका पायरीवर टेकवला. मग ऑफिस विसरून म्हणाले, "ते आता कोरडा खायनत नाय, वैनी. तोंडात घेतत आणि थुकतत."

मी खालचा कप्पा दिला. ह्यांनी कपाळाला हात लावला आणि त्यांना चष्मा सापडला.

भाऊजींनी तुकडे पॅकेटातून काढून आईसक्रीमच्या रिकाम्या पांढऱ्या डब्यात भरले. आमच्याकडे आईसक्रीम वर्षातून एकदा येतं आणि डबे जन्मभर पुरतात. शेजारी माझाही तसाच एक डबा होता. रातांब्यांच्या, म्हणजे ओल्या कोकमांच्या दिवसांत मी रस काढते, नावाला मीठ घालते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. सोलकढीला चार तुकडे टाकले की काम झालं. तेही तांबडे, चौकोनी. मी म्हटलं, "भाऊजी, गोंधळ व्हतलो. खूण करा."

दुसऱ्या दिवशी ते खूण घेऊन आले. कुठल्याशा मोडीत काढलेल्या खांबावरचा पत्र्याचा लहान बोर्ड. कवटी, खाली दोन हाडं आणि 'धोका' असा शब्द. तो त्यांनी डब्याच्या झाकणावर तांब्याच्या तारेने असा पिळून बांधला की वादळातसुद्धा हलू नये.

तेव्हापासून रोज अकराला भाऊजी आमच्या मागच्या दारी. वाटीत एक तुकडा घ्यायचा, वर पालथी बशी आणि घराकडे चालू लागायचं. सोमवारी यायचे नाहीत, कारण आठवड्यातून एक दिवस माशांनी उपाशी राहिलेलं बरं असतं. ही त्यांची शास्त्रीय माहिती. सावित्रीने तिचा अर्थ बरोबर लावला आणि पाणंदीवर भेटेल त्याला सांगू लागली, "आमचे मासेपण सोमवार करतत."

एकदा मी त्यांच्या मागोमाग गेले, बघावं तरी म्हणून. भाऊजी खोलीत शिरताच चारही मासे काचेच्या त्या बाजूला आले आणि तोंडं उघडत-मिटत राहिले. भाऊजींनी वाटी लगेच ओतली नाही. थोडा वेळ तसेच उभे राहिले. ज्या माणसाच्या वाटेकडे चौतीस वर्षं अर्धा तालुका डोळे लावून बसायचा, त्याला निवृत्तीनंतर मुलगासुद्धा फक्त रविवारी फोन करतो. आता वाट बघणारे हे चौघे उरलेत. त्यांनाही "दम धर" म्हणायची हौस त्यांनी तेवढी भागवून घेतली, असं मला वाटलं. घरी येऊन मी हे ह्यांना सांगून हसणार होते. सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती. बुधवारी माझी नणंद किशोरी तळेऱ्याहून मदतीला आली. गुरुवारी मी फ्रीज आवरायला घेतला. वर पूजेचं दूध, दही, लोणी आणि खाली कवटी, हे काही मला बघवेना. येणाऱ्या बायकांनी बघितलं असतं तर पुढची दहा वर्षं हाच विषय. मी तार उलगडली आणि बोर्ड चमच्यांच्या खणात टाकला. डावीकडचा डबा भाऊजींचा, उजवीकडचा माझा, हे मला माहीत होतं. मला माहीत असलं की जगाला माहीत असतं, हा माझा जुना समज आहे.

शुक्रवारी पहाटे किशोरीला नारळाच्या दुधाचं पातेलं लवकर गार करायला जागा हवी होती. तिने खालचा कप्पा सगळा रिकामा केला आणि पुन्हा भरला. तिच्या मते नीट भरला.

अकराला भाऊजी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात रुमाल. आरतीला झांजा त्यांच्याकडे असतात आणि भटजी वेळेचे कडक. चष्मा घरी. डावीकडच्या डब्यातून त्यांनी एक नाही, तीन तुकडे उचलले. "पूजेचो दिस," मला म्हणाले. "त्यांकापण वाईच गोडाधोडाचा." आणि धावत गेले. वाटीत वितळवणं, गाळणीत धुणं, सगळं ऑफिस त्या दिवशी रजेवर होतं. तुकडे टाकीत टाकले आणि मागे न बघता झांजा वाजवायला परत आले.

आरती झाली, नैवेद्य झाला. खळ्यात मांडवाखाली पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली. स्वयंपाकघरात किशोरी मी सांगितलेल्या उजवीकडच्या डब्यातले तुकडे सोलकढीत टाकून ढवळत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "तुझा रस सुटत नाही गं. नुसते दोरे येतायत."

"दोरे कसले?"

"बारीक. तांबडे. सालीचे असतील. चव बघितली मी, मीठ बरोबर आहे."

मी पातेल्यात डोकावले. तेवढ्यात केळीची पानं घेऊन मागच्या दाराने भाऊजी आत आले आणि त्यांनीही डोकावलं. त्यांनी पानं खाली ठेवली. मग खांबावरून ओरडावं तसे ओरडले, "लाईन बंद करा."

किशोरीच्या हातातली पळी तिथेच थांबली. बाहेर वाढपी थांबले. भटजींनी तोंडाकडे नेलेला पाण्याचा तांब्या थांबला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा हुकूम इतका ताबडतोब पाळला गेला नसेल.

"काय झाला?" हे आत आले.

भाऊजींचं बोट पातेल्याकडे होतं, पण डोळे कुठेतरी भलतीकडे. "माझा हय आसा," ते हळू म्हणाले. "मगे थंय मी काय घातलंय?"

आणि ते धावले. झांजांची दोरी मनगटात तशीच होती, त्यामुळे ते कुठवर पोचलेत हे वाडीला ऐकू येत होतं.

आम्ही सगळे मागे. टाकीतलं पाणी कोकम सरबतासारखं गुलाबी झालं होतं. चारही मासे वरच्या एका कोपऱ्यात, पताका मिटून, तोंडं पाण्याच्या कडेला लावून. भाऊजी मनगटातल्या झांजांसकट टाकीसमोर उभे होते.

"गुरुदासा, फॉल्ट सापडलो काय?" मागून कोणीतरी बोललं. एक-दोघं हसलेही. मग भाऊजींनी वळून बघितलं आणि हसणाऱ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं.

"पाणी," ते म्हणाले. "विहिरीचा. अर्धा काढूचा आणि अर्धा घालूचा. हळू."

पूजेला आलेली पंगत, पोटात पंचामृताखेरीज काही नाही, बादल्या घेऊन विहिरीवर गेली. ज्यांनी दोन वर्षं ह्या माशांच्या आमटीच्या पाककृती सांगितल्या होत्या, तेच आता हातातून हात बादल्या देत होते आणि सांडलं म्हणून एकमेकांना ओरडत होते. सावित्री देवघरातली तांब्याची कळशी भरून आली.

"ती नुको," भाऊजी म्हणाले. "तांबा माशांका बाधता."

"देवाक चलता," सावित्री म्हणाली, "आणि तुमच्या पापलेटांका चलना नाय?"

"नाय चलना."

एरवी ह्यावर संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं भांडण झालं असतं. सावित्रीने कळशी तुळशीत ओतली, प्लास्टिकची बादली घेतली आणि रांगेत उभी राहिली.

पाण्याचा रंग उतरला. मासे तसेच. भाऊजी पाटावर बसले. आता करण्यासारखं काही नव्हतं आणि ही त्यांच्या आयुष्यातली नवीन गोष्ट होती. दर दोन मिनिटांनी ते विचारायचे, "हललो काय रे एखादो?" जणू दुसऱ्या कोणाला जास्त दिसणार होतं. शेवटी ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दम धर, गुरुदासा," हे म्हणाले. "येतले."

ह्यांना टोमणा मारायचा नव्हता. पण भाऊजींनी असं वर बघितलं, की मला ती सगळी नासलेली दहीकालवणं आठवली आणि एकाचाही राग राहिला नाही.

पंगत तीनला बसली, ताकावर. सोलकढी माडाच्या मुळात गेली. किशोरीने हातावर घेतलेल्या थेंबाबद्दल आम्ही कोणी तोंड उघडलं नाही. ती आपण होऊन आठ वेळा चूळ भरून आली आणि पानावर बसल्यावर मीठ कमी आहे म्हणाली.

पाचच्या सुमाराला सावित्री खळ्यातून हाक मारत आली. खाली आलेत, म्हणाली. चौघेही काचेपाशी. मला तर दाट संशय आहे, की मासे कोकमाने नाही, आमच्या गर्दीने घाबरले होते. तीस माणसं एकदम दारात आली तर मीही कोपरा धरला असता. पण हे मी त्या दिवशी बोलले नाही. अख्ख्या वाडीने पहिल्यांदाच कोणाचा तरी जीव वाचवला होता, त्यात कशाला खोट काढा?

दुसऱ्या दिवशी अकराला मागच्या दारी भाऊजी आले. हातात रिकामी वाटी. डब्यात आता काही शिल्लक नाही, सगळं पातेल्यात गेलं, हे त्यांना माहीत होतं. सवयीने आले असतील. मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, किशोरीने डबे हलवले, मी पूजेच्या गडबडीत होते. बोर्ड कोणी काढला, हे मात्र त्या उत्तरांत कुठे नव्हतं.

त्यांनी वाटी फ्रीजवर ठेवली. खालचा कप्पा उघडून बघितला, बंद केला.

"सोमवारच्या गाडयेन नवीन खोको येता," ते म्हणाले. "सावित्री म्हणता, तिच्या फ्रीजरात ठेवा. सोड्यांच्या बरणीबाजूक."

"मगे बरा झाला की."

"नाय. लाईट जाता थंय." मग म्हणाले, "चूक माझीपण. वाटयेत वितळवूक होया होता. सगळ्यांका सांगान मीच तसा घातलंय."

मी चमच्यांचा खण उघडला आणि बोर्ड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, रिकाम्या डब्याच्या झाकणावर ठेवला आणि खिशातून तार काढली. पिळत पिळत, माझ्याकडे न बघता, ऑफिसची भाषा न वापरता ते म्हणाले,

"वैनीनू, एकच सांगतंय. ह्यो बोर्ड तेवढो काढू नकात."